वारं पडलं त्या सुगीला

त्या सुगीला हजर होती ती मानसं आदी सांगते, म्हंजी मागनं गोंधळ नको. मी पारूबाई, शाळंत खिचडी शिजवायची. शुभांगीबाई, शाळंच्या मास्तरीनबाई, खालनं रोज यायच्या, वडापची जीप आली तर जीपनं, न्हाईतर चालत. बारकूआबा, माजे चुलतदीर, गुडघं ग्येलेलं, शाळंच्या पायरीवर उन्हाला बसायचं. गेनूदादा, ज्यांच्या खळ्यावर झालं ते. सुमी, कातकरवाडीतली पोर, चौथीत हुती. तिचा बाप काळू आन आई येसू. शाळंची बाकीची पोरं, काय वरच्या धनगरवाड्यावरची, काय आमच्या आळीतली. आन येक सायेब. त्येंचं नाव मला तवाबी म्हाईत न्हवतं, आताबी न्हाई. ह्यातलं आबा ग्येलं. बाकी जिती हायेत, जिकडं तिकडं.

आता परत भात पिवळं झालंय. सकाळी दार उगडलं की खालच्या खाचरातनं वास येतो, वल्या पेंढ्याचा, गोडसर, जरा आंबूस. बांधावरचं गवत दवानं पांढरं आसतं. उन्हं आली की मानसं इळं घेऊन उतरत्यात. पयल्यासारखी लई मानसं न्हाईत. निम्मी खाचरं पुन्याच्या लोकांनी घेतली. कोळवनाकडं जा, कुंपनाला कुंपन लागलंय, आत बंगलं, आत हिरवळ. तिला बी पानी घालावं लागतं, पन तिला दाना येत न्हाई. उरल्यात त्या खाचरांत कापनी झाली की मशीन येतं. येका सकाळीत झोडून, वारवून, पोत्यात भरून मोकळं. वाऱ्याची वाट बगायला नको.

मशीन सुरू झालं की मी घरात येऊन बसते. सून म्हनती, "आत्या, आवाजाचा तरास व्हतोय का?" मी व्हय म्हनते. आवाजाचा न्हाई व्हत. त्या मशीनच्या पोटात येक पंखा आसतो. त्यो फिरायला लागला की फोल उडतं आन उन्हात चमकतं. ते मला बगायचं नसतं.

शाळा माज्या घराच्या वरच्या अंगाला हाय. कुलूप लावलेलं हाय. भितीवर अननस काढलेला हाय, आगगाडी हाय, येक हसरा सूर्य हाय. रंग चांगला दिलेला, अजून टिकलाय. फारमहाऊसवर आलेली पावनी हितं गाडी थांबवून फोटू काढत्यात. मागल्या साली येक पोरगी मला म्हनली, "आजी, कित्ती क्यूट शाळा आहे!" मी म्हनलं, "व्हय बाई." दुसरं काय म्हननार. तिनं माजा बी फोटू काढला.

त्या शाळंत पुस्तकांची खोली हुती. खोली कसली, तांदळाची पोती ठेवायची जागा. हिंजवडीच्या कुटल्या तरी कंपनीची मानसं आली हुती, समद्यांच्या अंगात येकाच रंगाच्या बनेनी. लोखंडी कपाट दिलं, पुस्तकांची खोकी दिली, आन येका मोठ्या डब्यात पोरांनी हातानं करायचं सामान दिलं. बारक्या मोटरी, दिवं, वायरी, सेल. मानसं चांगली हुती. पोरांसंगं जिमिनीवर बसली, खिचडी खाल्ली, पुन्यांदा येतो म्हनली. माजा पोरगा हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, त्यो म्हनला, "आये, तिकडं मानसं लई बदलत्यात. आली न्हाईत तर वाट बगू नको." न्हाई आली. दसऱ्यापतुर सेल संपलं. मोटरी गप पडल्या.

बाई म्हनल्या, "मावशी, आता आपलं आपण."

बाईंकडं येका खोलीत पयली ते चौथी समदे वर्ग. त्या पयलीला आ-आई शिकवायच्या तवर चौथीला गनितं घालायच्या. म्हनून पुस्तकांची खोली माज्याकडं दिली. मी दुसरी शिकलेली. अक्षराला बोट लावल्याबिगर मला वाचता येत न्हाई, आन बोटाला हळदीचा डाग. मी म्हनलं, "बाई, मला न्हाई जमायचं." बाई म्हनल्या, "तुम्ही वाचायचं नाहीच. पोरं वाचतील, तुम्ही ऐकायचं. आणि वाचून झालं की विचारायचं, आता काय करणार?"

तेच आमचं लायबरीचं काम. पोरगं माज्या म्होरं बसायचं, मी तांदूळ निवडायची, ते वाचायचं. घराचं वाचलं की चिखलाचं घर करायचं. नदीचं वाचलं की कारवीची व्हडी. पुस्तक घरी न्यायचं आसंल तर हातानं करून कायतरी आनायचं, ते फळीवर ठेवायचं आन मंग पुस्तक न्यायचं. ही रीत बाईंनी घातली. मला आवडली. फुकट काय न्ह्यायचं न्हाई आन मोकळ्या हातानं यायचं न्हाई. आमच्या बायका ताट परत देताना रिकामं देत न्हाईत, तसं. फळीवर काय काय जमलं हुतं. खेकडं धरायची कामटीची पिंजरी, मेंढीच्या लोकरीचा उंदीर, पत्र्याचा तराजू, येका पोरानं नुसता दोरीचा गुंता आनला आन म्हनला ह्ये मोहळाचं पोळं हाय. मी ठेवून घेतला. दिसायला पोळ्यावानीच हुता, आसं मी म्हनलं.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरायची. आमच्या मुळशीत आषाढात अंगावरचं लुगडं वाळत न्हाई, तितं कागदाचं काय. मी खिचडी उतरवली की चुलीभवती पुस्तकं सुपात मांडून शेकायची, पापड शेकत्यात तशी, येक अंग झालं की दुसरं. त्यामुळं आमच्या समद्या पुस्तकांना धुराचा आन फोडनीचा वास. बाई नाकाला लावून हसायच्या. त्योच वास पोरांच्या अंगाला यायचा, त्योच माज्या. आता बी पुस्तक उगडलं की पयला त्यो वास येतो. मानूस जातं, बोलनं जातं, वास ऱ्हातो.

सुमी बोलायची कमी. तिचं हात मातर गप बसायचं न्हाईत. मी चुलीत लाकूड सारायच्या आत ती ढलपीची भवरी करून मोकळी. पन वाचायला कच्ची. का, तर दर साली दिवाळी सरली, लोकांच्या भाताची कापनी-झोडनी झाली की काळू आन येसू पोरं घेऊन वीटभट्टीवर जायचं. भट्टीवाल्याचा टेंपो यायचा, त्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या, पोरं. पाऊस जवळ आला की परत. सुमी परत आली की अक्षरं इसरून आलेली आसायची. परत मागल्या पाटावर. शिकलेलं येका अंगानं यायचं आन दुसऱ्या अंगानं भट्टीच्या धुरात जायचं.

त्या साली बाई वाडीत ग्येल्या. मी संगं हुते. बाई म्हनल्या, "काळूदादा, हिला यंदा नेऊ नका. वर्ष पुरं झालं तर पोर वाचायला लागेल."

काळू दारात बसून कोयता घासत हुता. "ऱ्हाईल कुटं? खाईल काय?"

मी म्हनलं, "माज्याकडं."

येसूनं माज्याकडं बगितलं. कातकऱ्याची पोर आमच्या आळीत निजायची, हे तिला पटंना. काळूनं कोयत्याची धार बोटानं बगितली. मंग म्हनला, "शाळा हाय तवर ठेवतो. शाळा बंद झाली तर मातर मी थांबायचा न्हाई. पोर रिकामी हितं ठेवून काय करू? भट्टीवर हाताखाली येती."

बाई हसल्या. "शाळा कुठं जातीय?"

काळू-येसू अजून लोकांच्या कापनीवर हुते तवाच, सवय व्हावी म्हनून, सुमी माज्याकडं आली. आळीतल्या येकी-दोघींनी पान्यावर मला आडवलं. "काय वो आक्का, तिला चुलीपातुर घेता म्हनं?" मी म्हनलं, "चूल माजी हाय. तुज्या चुलीचं तू बग." नवरा मेल्यावर ह्याच आळीनं मला कुनाकुनाच्या शेतावर जाते म्हनून नावं ठिवली हुती. मला बोलन्याची सवय हाय. पोर गोधडीत पाय मुडपून निजायची, भट्टीवर जागा कमी आसती तशी. मी म्हनायची, "सरळ कर पाय, हितं जागा हाय." झोपंत परत मुडपायची.

पंख्याचं सांगते. पवनचक्कीचं येक पुस्तक हुतं, चित्रांचं. वाऱ्यानं पाती फिरत्यात आन पीठ दळतं आसं त्यात हुतं. पोरांनी तट्ट्याची भिरभिरी केली, माळावर पळवली, झालं. सुमी मातर पुस्तक मांडीवर घेऊन बसून ऱ्हायली. मंग म्हनली, "आजे, वारं चाकाला फिरवतं. मंग आपुन चाक फिरवलं तर वारं व्हईल का?"

मला काय म्हाईत? मी म्हनलं, "करून बग."

बारकूआबांची दुधाची सायकल गोठ्यात पडली हुती. गुडघं ग्येल्यापास्नं त्यांनी तिला हात लावला न्हवता. पोरं मागायला ग्येली तर म्हनलं, "शाळा हाय का सायकलचं दुकान?" पन दिली. आन रोज पायरीवरनं बगत बसायचं, आन रोज बोलायचं. "आरं, नट तरी घट कर. माजी सायकल हाय ती, तुज्या मामाचं गाढव न्हवं." सायकल ठाणावर, तिच्या स्टँडवर, उबी केली की मागलं चाक आधांतरी. त्या चाकाच्या तारांना पाती बांधायची. आदी कारवीची पाती केली, ती मोडली. मंग खिचडीच्या तेलाचं डबं कापून पत्र्याची केली. कडा दगडानं ठेचून मुडपल्या. टूबच्या रबरानं बांधली. पयल्यांदा पायडल मारलं तर येक पातं सुटून आबांच्या शेरडाच्या शिंगाला लागलं. शेरडू दिसभर शाळंकडं फिरकलं न्हाई. दुसऱ्यांदा वारं आलं, पन उलट्या अंगाला, भितीकडं. बाई म्हनल्या, पात्याचा पीळ बदलायला हवा. सुमीनं येकयेक पातं सोडलं आन दुसरीकडं पिळून बांधलं. बोटं कापली. हळद लावायला आली, लावली, परत ग्येली.

आन मंग वारं आलं. सपाट, थंड, तोंडावर. बारकं पोरगं म्होरं बसलं हुतं, त्येचं केस उडलं, आन ते हसाया लागलं. आबा पायरीवरनं म्हनलं, "वयनी, आता ह्या पोरांना सांग, ऊन बी करून द्या म्हनावं, पाठ शेकती." पन त्यांनी डोक्याची टोपी काढून येकदा त्या वाऱ्यात डोकं धरलं. मी बगितलं.

मंग त्या साली वारं पडलं.

भात झोडून झालं की खळ्यावर ढीग ऱ्हातो, त्यात दाना, फोल, काडी, माती समदं येक. ते सुपानं वरनं सोडायचं, वाऱ्यानं फोल उडून बाजूला जातं, दाना सरळ खाली पडतो. त्यालाच वारवनी म्हनत्यात. दुपारचं घाटाकडनं वारं सुटतं, रोजचं. त्या साली न्हाई सुटलं. गेनूदादा तिवईवर सूप धरून उबं ऱ्हायचं, बायका खाली सुपं घेऊन बसायच्या, आन पान हालत न्हाई. समदे वर बगायचे. वर ढग. त्या दिसांत ढग येऊ ने, पन आले. उगड्या खळ्यावर भात भिजलं की काळं पडतं, मोड येतो, वरीसभराचं खानं जातं. गेनूदादांचं घर मोठं, जमीन बारकी. त्यांच्या म्हातारीनं दोन दीस जेवान सोडलं हुतं, का, तर ढगाकडं बगून घास जात न्हाई म्हनं.

तिसऱ्या दिशी गेनूदादा सकाळच्यालाच शाळंत आले. ह्येच आदी पोरांना म्हनायचे, सायकल इकून शेरडू घ्या. आता चप्पल काढून दारात उबे.

"आक्का, बाई कुटं हायेत?"

"खाली मीटिंगला बोलावलंय. येतील सांच्याला."

"न्हाई, म्हनलं... ते पोरांचं वाऱ्याचं... खळ्यावर चालंल का?"

सुमीनं माज्याकडं बगितलं. समद्याच पोरांनी बगितलं. माज्या आयुष्यात कुनी माज्याकडं त्या नजरंनं बगितलं न्हवतं, आन मंग बी न्हाई. मी म्हनलं, "चला."

खिचडीचं पातेलं डोक्यावर घेतलं. शाळंला कडी लावली. पोरांनी सायकल पुढं घातली, येक हँडल धरून, बाकी मागनं. आबा पायरीवर. "आबा, येतो जाऊन." "जावा. माजी सायकल संबाळा."

खळं शाळंच्या खालीच हाय, बांध उतरला की आलं. पायरीवरनं दिसतं. सायकल ठाणावर लावली. सुमी पायडलवर. गेनूदादांनी सूप उचललं आन भात सोडलं. पयल्यांदा कायच न्हाई, समदं सरळ खाली. मंग पोरीनं जोर लावला. पात्यांचा आवाज बदलला, गरगर जाऊन हूं लागला. आन फोल उडालं. येकदम, पांढरं, ढगासारखं, पार बांधापतुर. दाना खाली, टपटप टपटप. बायका वरडल्या. गेनूदादांची म्हातारी उटून बसली. येक पोर दमलं की दुसरं. गेनूदादा वरनं म्हनायचे, "आरं हळू, गाडी पुन्याला न्हाई न्ह्यायची!" पोरं आनखी जोरात. त्यांच्या केसांत, भिवयांवर, दातांत कोंडा. अंगाला खाज सुटलेली, तरी कुनी उटंना. खिचडी तितंच खाल्ली, भाताच्या पेंढ्यावर बसून. मी त्यांच्याकडं बगत हुते. पुस्तकातलं चित्र उटून खळ्यावर आलं हुतं आन आमच्या मानसांचं पोट राकत हुतं. त्येच्यापरीस जास्त मला सांगता यायचं न्हाई.

दुपार कलताना रास झाली. आता राशीची आमच्याकडं येक रीत हाय, ती सांगितली पायजे. राशीच्या दिशी पूजा व्हईस्तवर कुनी आकडा काढत न्हाई. पोती किती, शेरडं किती, घरात मानसं किती, कुनी इचारलं तरी बोलायचं न्हाई. मोजलं की रास आटती. पूजा झाली, नारळ फुटला, की पयलं माप वतायचं, त्याला येक म्हनायचं न्हाई, लाभ म्हनायचं. मंग दोन, मंग तीन. लहानपनापास्नं रगतात हाय ते. गावात कुनाचंबी खळं आसो, समद्यांनी पाळायचं.

आमी लाभ म्हनलो त्येच्या आदीच वर शाळा बगायला आलेल्या सायबाची जीप येऊन ग्येली हुती.

आबांनी मागनं सांगितलं. जसं झालं तसं.

सायेब उतरले. कडी बगितली. म्हनले, "शाळा बंद?"

आबा म्हनले, "उगडती की."

"रोज पोरं किती येतात?"

"आज आकडा काढत न्हाईत सायेब."

"म्हणजे?"

"रास हाय आज."

सायेब डायव्हरला म्हनले, "बघितलंस? पोरांचा आकडा सांगायची यांची तयारी नाही." मंग दाराचा फोटू काढला, जाळीतनं रिकाम्या वर्गाचा फोटू काढला, आन जीप वळवली.

मी म्हनलं, "आबा, पोरं खाली हायेत म्हनायचं की वो."

आबा म्हनले, "कुटं हायेत आसं इचारलं आसतं तर हात केला आसता. खळं दिसत हुतं हितनं. वरडा बी येत हुता. मला वाटलं सायेब हाय, म्हाईत आसंल."

त्या दिशी सांच्याला पाऊस झाला. गेनूदादांची रास घरात ग्येलेली हुती.

मंग कागुद आला. पट कमी, भेटीच्या दिशी शाळा बंद, येकबी पोर हजर न्हाई, तवा ही शाळा खालच्या मोठ्या शाळंत मिसळायची. बाईंची बदली बी तिकडंच. बाई कचेरीत ग्येल्या, खळ्याचं सांगितलं. गेनूदादा ग्येले, आमी बायका ग्येलो. तितल्या मानसानं आमाला पानी दिलं, ऐकून घेतलं, आन म्हनला, "तुमचं खरं असेल मावशी, पण भेट झाली ती झाली." वाईट बोलला न्हाई. वाईट बोलला आसता तर भांडता तरी आलं आसतं.

लोक मला म्हनत्यात, "आक्का, त्या दिशी पोरं न्हेली नसती तर?" मी काय म्हनते ते सांगते. मी पोरं न्हेली त्यात वंगाळ काय न्हवतं. शाळा कडीच्या आत नसती, पोरं जितं शिकत्यात तितं आसती. आज कुनी हाक मारली तर आजबी न्हेईन. माज्या मनात त्येचं कायबी न्हाई. मनात हाय ते दुसरंच, ते सुमीचं.

काळू आन येसू पोरीला न्ह्यायला आले, कापनीचं काम सरल्यावर. काळू दारात आला, आत आला न्हाई. "आजे, शाळा हाय तवर म्हनलो हुतो."

मी म्हनलं, "खालच्या शाळंत जाईल ती. जीप हाय."

"जीप रोज येती का?"

जीप रोज येत न्हवती.

"आनि चालत ग्येली तर रान हाय मदी. येकली पोर." काळू वंगाळ मानूस न्हाई. त्येनं बी पोरीच्या बोटांना हळद लावलेली बगितली हुती, तिनं केल्याला पंखा बगितला हुता, हात फिरवला हुता त्येच्यावर. "ऱ्हाऊन काय करंल गं हितं? तूच सांग."

मी आत जाऊन पोरीची गोधडी घडी केली.

सुमी रडली न्हाई. पुस्तकांच्या खोलीत ग्येली. बराच येळ आली न्हाई म्हनून मी ग्येले. ती फळीवर काय ठेवत हुती. पत्र्याच्या उरल्याल्या तुकड्याचं बारकं भिरभिरं, चार पात्यांचं, काडीवर बसवलेलं. रीतीपरमानं ठेवलं आन पवनचक्कीचं पुस्तक घेतलं. म्हनली, "आजे, न्हेते." मी म्हनलं, "न्हे." टेंपोत ती कोंबड्यांच्या पाटीजवळ बसली, पाय मुडपून. पुस्तक पोटाशी. येसूनं माज्याकडं बगितलं, पयल्यांदा बगितलं हुतं तसंच. हे टिकायचं न्हाई, हे तिला तवाच म्हाईत हुतं.

त्या सालापास्नं खालच्या शाळंत आमच्या आळीची पोरं जात्यात, जीप आली तर. धनगरवाड्यावरच्या पोरी घरी बसल्या, बकऱ्यांमागं. कातकरवाडीतलं कुनी जात न्हाई. कुनी इचारीत बी न्हाई. कपाट न्ह्यायला मानसं येनार हुती, आली न्हाईत. पावसात खोली गळाया लागली, तवा पुस्तकं मी घरी आनली. भाताच्या कणगीत ठिवली, शेनानं सारवून, वर कडुनिंबाचा पाला. फळीवरचं सामान बी आनलं. मोहळाचं पोळं बी.

मागल्या सुगीला सुमी आली. मजुरीला आली हुती, कोळवनाकडच्या कुनाच्या भाताला. कडंवर पोर. मी वळखली न्हाई, तिनंच हाक मारली. "आजे." तिचं लगीन भट्टीवरच झालं, वय व्हायच्या आदी. ती बसली, पानी पिली. मी पोराला मांडीवर घेतलं. ती पंख्याजवळ ग्येली, सायकल माज्या गोठ्यात हाय, तिच्यावर कोंबड्या बसत्यात. येका पात्याचं रबर सुटलं हुतं. तिनं सुतळीनं बांधायला घेतलं. गाठ बसंना. तिनं बोटं माज्याकडं केली. इटा उचलून उचलून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, काचंवानी. रेघा न्हाईत. "सुतळी कळत न्हाई आजे बोटाला," म्हनली, आन हसली.

मी गाठ मारून दिली.

"पुस्तक?" मी इचारलं. इचारू ने आसं वाटत हुतं तरी इचारलं.

"भिजलं. चित्राचं पान हाय. ट्रंकंत."

मंग जाताना म्हनली, "आजे, ह्यो मोठा झाला की तुज्याकडं ठेवू का? शाळंला?" शाळंच्या कुलपाकडं तिनं बगितलं न्हाई. मी बी बगितलं न्हाई. मी व्हय म्हनलं. माजं वय बगता ते खोटं हाय, तिला बी म्हाईत हाय. तरी व्हय म्हनलं.

आज खाली मशीन चाललंय. फोल उडतंय. सुमी ह्या साली आली न्हाई.

हे सून लिहून घेतीया, तिला म्हनलं शेवटचं नीट लिव. वाचनारांनो, तुमी शिकल्याली मानसं हाईसा. कुटं ना कुटं तुमच्यातलं कुनीतरी शाळा बगायला जात आसंल, मोजायला जात आसंल. दार लावलेलं दिसलं, वर्ग रिकामा दिसला, तर लगीच फोटू काढू नका. पायरीवर कुनी बसलं आसंल त्याला आदी इचारा, पोरं कुटं ग्येली. आन त्येनं हात केला तिकडं जरा चालत जावा. येवढं करा.